लॅबवाल्या ताईंना विचारा: मशीन नवं आलं, पण त्याला विचारलं काय?

या वेळी पत्रं जरा जास्तच आलीत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत एकच सूर आहे, की ताई, एवढी भारी भारी मशिन्स आली तरी रिपोर्ट असे कोड्यात टाकणारे का येतात. मी तीसेक वर्षं लॅबमध्ये काढली, सुरुवातीची मायक्रोस्कोपला डोळा लावून आणि नंतरची स्क्रीनकडे बघत, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं बोलू शकते. एक आधीच सांगून ठेवते, मी इथं कुणाचा रिपोर्ट वाचून औषध सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. नळीत रक्त गेल्यापासून कागदावर आकडा उमटेपर्यंत मधे काय काय होतं, तेवढं माझं क्षेत्र.

प्रश्न: ताई, मिस्टरांना ताप नाही, काही नाही, नुसतं रुटीन चेकअप केलं तर प्लेटलेट्स ३८,००० आल्या. घरात रडारड. डॉक्टरांनी त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये परत करायला सांगितलं तर तिथं २,१०,०००! खाली बारीक अक्षरात 'क्लम्प्स दिसले, सायट्रेटमध्ये रिपीट केलं' असं काहीतरी लिहिलंय. पहिलं मशीन बिघडलेलं होतं, की दुसऱ्यांनी आम्हाला बरं वाटावं म्हणून आकडा टाकला?

ते बारीक अक्षरातलं वाक्य ज्यानं लिहिलं त्याला माझा नमस्कार सांगा. तुमचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

पेशी मोजायचं मशीन काय करतं ते आधी बघा. १९५३ साली वॉलेस कूल्टर नावाच्या अमेरिकन माणसाला एका साध्या कल्पनेचं पेटंट मिळालं. मिठाच्या पाण्यासारख्या द्रावणात रक्त पातळ करायचं, ते एका बारीक भोकातून ओढायचं आणि त्या भोकातून वीज वाहती ठेवायची. पेशी भोकातून गेली की विजेला क्षणभर अडथळा होतो, एक टिचकी पडते. पेशी मोठी तर टिचकी मोठी, लहान तर लहान. त्याआधी माणसं काचेच्या चौकटीवर एकेक पेशी डोळ्यांनी मोजायची, मीही मोजल्यात, मान मोडून यायची. आजच्या मशिन्समध्ये लेझर आला, रंग आले, बरंच काही आलं, पण 'एकेक कण जाऊ दे आणि त्याचा आकार बघ' हा गाभा तोच आहे.

आता प्लेटलेट्स या सगळ्यात चिमुकल्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. पण साधारण हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात अशी एक अँटीबॉडी असते की ईडीटीएमुळे प्लेटलेटचा एरवी झाकलेला भाग उघडा पडला की ती तिथं जाऊन चिकटते आणि प्लेटलेट्स एकमेकींना धरून घोळका करून बसतात, तेच ते क्लम्प्स. हे सगळं नळीत होतं बरं का, अंगात नाही. रक्त गार होत गेलं की अजून वाढतं, म्हणजे सॅम्पल दोन तास पडून राहिलं तर आकडा अजून खाली. मशीनला घोळका म्हणजे एक मोठा कण, ते बिचारं त्याला प्लेटलेट धरतच नाही, कधी कधी तर पांढरी पेशी म्हणून मोजून टाकतं. त्यानं चूक केली असंही म्हणता येत नाही, त्याला सांगितलं होतं लहान कण मोज, त्यानं लहान कण मोजले.

ही भानगड पकडायची कशी? काचेवर रक्ताचा थेंब पसरवायचा, रंगवायचा आणि स्मिअरच्या शेपटीकडे मायक्रोस्कोपमधून बघायचं. घोळके तिथं जमलेले असतात, दिसले की विषय संपला. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नवीन रक्त घ्यायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं, कारण त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग पातळ सायट्रेट आधीच असतं. शंभर वर्षांपूर्वीची काच आणि शाई म्हणा ना, पण तीच इथं कामाला येते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा माणसांच्या हकिकती छापून आल्यात ज्यांना नसलेल्या आजारासाठी प्लेटलेट्स चढवल्या गेल्या, हाडाच्या मगजाची तपासणी झाली. तुमच्या मिस्टरांना काही आजार आहे असं यातून निघत नाही, फक्त पुढच्या वेळी रक्त देताना 'माझ्या प्लेटलेट्स ईडीटीएमध्ये क्लम्प होतात' एवढं सांगायचं, आणि हे कुठंतरी लिहून पाकिटात ठेवलंत तर उत्तम, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे सापडलं की सगळ्यांची धावपळ होते.

प्रश्न: बाबांचा टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स झाला. वजन वाढलं, खोकला गेला. मनाची खात्री म्हणून आम्ही स्वतःहूनच ती दोन तासांत रिपोर्ट येणारी जीनची टेस्ट परत केली तर 'डिटेक्टेड'. औषध लागूच पडलं नाही का?

घाबरू नका, पण रिपोर्ट लपवूनही ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. ही टेस्ट तुम्ही चुकीच्या वेळी केलीत असं मला वाटतं, आणि त्यात तुमचा दोष नाही कारण हे कुणी समजावून सांगत नाही.

तुमची ती जीनची टेस्ट पीसीआर या पद्धतीवर चालते, आणि पीसीआर म्हणजे डीएनएचं झेरॉक्स मशीन. १९८३ साली कॅरी मुलिस या केमिस्टला गाडी चालवता चालवता ही कल्पना सुचली, १९९३ ला त्यावर नोबेल. डीएनएचा गोफ साधारण ९५ डिग्रीला तापवून दोन धागे वेगळे करायचे, मग थंड करून हव्या त्या जागेच्या दोन्ही टोकांना छोटे खुणेचे तुकडे चिकटू द्यायचे, मग एन्झाइमनं मधला भाग भरून घ्यायचा. झाले एकाचे दोन. परत तापवा, दोनाचे चार. अशा ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या कागदावर तरी १०७ कोटी प्रती होतात. सुरुवातीला अडचण अशी की ९५ डिग्रीला एन्झाइमच मरायचं, दर फेरीला नळी उघडून नवीन टाकावं लागे. मग उपयोगी पडला यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांमध्ये राहणारा एक जंतू. थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञानं तो १९६० च्या दशकात निव्वळ कुतूहलापोटी शोधला होता, रोगनिदानाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या जंतूचं एन्झाइम उकळत्या पाण्यातही टिकतं, आणि त्याच्या जोरावर हे सगळं आपोआप चालायला लागलं.

टीबीसाठी याचा केवढा फायदा झाला ते लॅबमध्ये काम केलेल्यालाच कळेल. टीबीचा जंतू महा आळशी, साधा ई कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, हा त्यालाच जवळजवळ एक दिवस घेतो, म्हणून कल्चर लावलं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायचा म्हटलं, की आठवडेच्या आठवडे थांबायचं. मायक्रोस्कोपमध्ये दिसायला बेडक्याच्या एका मिलीलीटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू तरी हवेत. आणि ही कार्ट्रिजवाली टेस्ट, जिला जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली, ती साधारण १३० जंतू असले तरी पकडते, वर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही त्याच दोन तासांत सांगते. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा खरंच खुर्चीत बसून राहिले होते.

पण झेरॉक्सवाला कागद जिवंत माणसाचा आहे की मेलेल्याचा हे बघत नाही. औषधानं मेलेल्या जंतूचा डीएनए फुफ्फुसात बराच काळ, कधी कधी महिनोन्महिने, पडून राहू शकतो आणि टेस्ट त्याच्याही प्रती काढते. तुम्ही विचारलं 'डीएनए आहे का', ती म्हणाली आहे. तुम्हाला विचारायचं होतं 'जिवंत जंतू आहेत का', तो प्रश्न कल्चरचा. म्हणूनच औषध लागू पडतंय की नाही हे बघायला ही टेस्ट वापरत नाहीत, त्यासाठी स्मिअर आणि कल्चरच करतात. बाबांचं कल्चर झालं नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

प्रश्न: प्रेग्नन्सीच्या पट्टीवरची ती लाल रेघ कसल्या रंगाची असते हो? मुलीनं विचारलं आणि मला सांगता येईना.

बऱ्याच पट्ट्यांमध्ये चक्क सोन्याची. मस्करी नाही. सोन्याचे कण इतके बारीक केले की ते पिवळे न दिसता लालसर दिसतात. त्यांना अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात, लघवीबरोबर ते पट्टीवरून पुढे वाहत जातात, गरोदरपणातलं हार्मोन असेल तर टेस्टच्या जागेवर अडकतात आणि गर्दी झाली की रेघ दिसते. दुसरी रेघ फक्त पाणी शेवटपर्यंत पोचलं का हे सांगते. काही कंपन्या निळे प्लॅस्टिकचे कण वापरतात, म्हणून काही पट्ट्यांवर निळी रेघ. सोनं इतकं कमी असतं की जपून ठेवायचा विचार करू नका.

प्रश्न: केस गळतात म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. नंतर थायरॉइड केलं तर टीएसएच एकदम तळाला आणि टी-४ वर. मला काहीच त्रास नाहीये, उलट वजन जरा वाढलंय. डॉक्टर म्हणाले गोळ्या बंद करून परत करू. गोळीनं थायरॉइड बिघडलं का?

तुमचे डॉक्टर हुशार आहेत, त्यांना सोडू नका. थायरॉइड बिघडलेलं नसावं, बिघडलीय ती मोजणी. टी-४ म्हणजे थायरॉइडचं हार्मोन आणि टीएसएच म्हणजे ते बनवायला थायरॉइडला वरून येणारा हुकूम.

बऱ्याच लॅब मशिन्समध्ये मोजायच्या रेणूला पकडून ठेवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन अशी जोडी वापरतात, कारण त्या दोघांचं एकमेकांना धरून ठेवणं इतकं घट्ट आहे की निसर्गात तशा जोड्या फार कमी. तुमच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला की ते आधी जाऊन सगळ्या जागा अडवतं, मशीनचं स्वतःचं बायोटिन लावलेलं अँटीबॉडीचं जोडकाम तसंच तरंगत राहतं आणि धुतलं जातं. आता मजा बघा, टीएसएचच्या पद्धतीत जितकं पकडलं तितका सिग्नल, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. टी-४ ची पद्धत उलटी, तिथं सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त असा हिशोब, म्हणून तो खोटाच वाढतो. दोन्ही एकत्र वाचले की पाठ्यपुस्तकातला हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय असं चित्र! एकच आकडा चुकला असता तर कुणाला तरी शंका आली असती, इथं दोन्ही चुका हातात हात घालून येतात म्हणून फसायला होतं.

माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं असं धरतात, केसांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलीग्रॅम असतं, म्हणजे १० वाल्या गोळीत तीनशे पटीहून जास्त. थायरॉइडचं तरी परत करता येतं, पण हार्ट अटॅकसाठी बघतात ते ट्रोपोनिनसुद्धा काही मशिन्सवर यामुळे खोटं कमी येऊ शकतं, आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेनं, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला तेव्हा अशा एका मृत्यूचाही उल्लेख केला होता. त्यानंतर कंपन्यांनी बऱ्याच टेस्ट बदलल्या, सगळ्या नाही. थायरॉइडच्या टेस्टआधी निदान दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगतात, डोस मोठा असेल तर जास्त. आणि रक्त घेणाऱ्याला 'काही औषधं चालू आहेत का' या प्रश्नावर आपण पटकन 'नाही' म्हणतो ना, कारण व्हिटॅमिनला आपण औषध धरत नाही. धरा.

प्रश्न: फुल बॉडी चेकअप केलं, साठ-सत्तर टेस्ट होत्या, त्यात तीन आकडे ठळक अक्षरात आलेत. मला काहीही होत नाहीये. झोप उडालीय.

नॉर्मल रेंज बनवतात कशी ते ऐका. निरोगी माणसांची टेस्ट करतात, आकडे ओळीनं लावतात आणि मधले ९५ टक्के घेतात. म्हणजे दोन्ही टोकांचे मिळून ५ टक्के निरोगी लोक मुळातच रेंजच्या बाहेर टाकलेले असतात. त्यांची चूक काही नाही, ते फक्त टोकाला उभे होते. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचे सगळे आकडे रेंजमध्ये यायची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्क्यांना किमान एक तरी ठळक आकडा मिळणारच. तुम्ही साठ-सत्तर केल्यात, तीन आले, हे तर स्वस्तात सुटलात.

कुठला आकडा आणि किती बाहेर हे अर्थातच महत्त्वाचं आहे, किंचित बाहेरचा आणि दुप्पट यात फरक आहे, तो डॉक्टर बघतील. पण खरं सांगू का, आपण काहीच न विचारता सत्तर उत्तरं विकत घेतो आणि मग प्रत्येक उत्तराला शोभेल असा प्रश्न रात्रभर शोधत बसतो, हे मला पटत नाही.

प्रश्न: बोटाच्या एका थेंबात सगळ्या टेस्ट करणारं मशीन येणार येणार असं ऐकत होतो, कुठं गेलं ते?

थेरॅनोस म्हणताय. एलिझाबेथ होम्सनं २००३ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी काढलेली कंपनी, एका थेंबात शेकडो टेस्टचा दावा, एक वेळ अशी आली की कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरली गेली. २०१५ मध्ये वर्तमानपत्रानं भांडं फोडलं, जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल ती दोषी ठरली आणि त्याच वर्षी ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली.

फसवणुकीचा भाग बाजूला ठेवला तरी मुळात अडतं कुठं? आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, पण ती म्हण चालते कारण पातेल्यात सगळीकडे भात सारखाच असतो. रक्तात तसं नसतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी कधी कधी एका मिलीलीटरला एखादाच जंतू असतो. बोटाचा थेंब धरा ५० मायक्रोलीटर, म्हणजे मिलीलीटरचा विसावा भाग. वीस वेळा टोचलं तर सरासरी एकदा तो जंतू थेंबात येणार. मशीन कितीही तीक्ष्ण नजरेचं असो, थेंबात जंतूच नाही तर ते काय दाखवणार? म्हणून ब्लड कल्चरला मोठ्या माणसाचं एकेका बाटलीला ८-१० मिलीलीटर रक्त घेतात, लोक चिडतात, पण कारण हे आहे. शिवाय बोट दाबलं की पेशी फुटतात, पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं, आजूबाजूचं पाणीही मिसळतं. साखरेसारख्या काही गोष्टींना थेंब पुरतो आणि तिथं तो रोज वापरलाही जातो. सगळ्याला नाही पुरत.

प्रश्न: ताई, मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करतोय, दुसरं वर्ष. सर म्हणाले आता माल्डी-टॉफ आणि एआय आल्यावर जंतू ओळखायला आणि स्लाइड बघायला माणूस लागणारच नाही. मग आम्ही हे सगळं पाठ कशाला करतोय?

अरे बाळा, मी कोर्स करत होते तेव्हा ऑटो अ‍ॅनालायझर आले होते आणि आमचे सरही हेच म्हणाले होते.

माल्डी-टॉफ, म्हणजे जंतूच्या प्रोटीन्सच्या वजनांवरून त्याला ओळखणारं मशीन, मात्र खरंच कमाल चीज आहे, त्याची गोष्ट सांगते. प्रोटीनवर लेझर मारला की ते जळून जायचं, अख्खं उडवता येत नव्हतं. १९८५ मध्ये जपानमध्ये कोइची तानाका नावाच्या तरुण इंजिनीयरनं चुकून ग्लिसरीन आणि कोबाल्टची बारीक पूड एकत्र केली, टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून तसंच वापरून बघितलं, आणि प्रोटीन अख्खं उडालं. २००२ मध्ये त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं तेव्हा त्याच्याकडे पीएचडीसुद्धा नव्हती. आज लॅबमध्ये जी पद्धत चालते ती कारास आणि हिलेनकाम्प या जर्मन शास्त्रज्ञांची, त्यांची मॅट्रिक्स, म्हणजे प्रोटीनमध्ये मिसळायचं लेझर झेलणारं रसायन, वेगळी, पण दारं साधारण एकाच सुमाराला उघडली. लॅबमध्ये काय करायचं, तर प्लेटवरची कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचा ठिपका, टूथपिकनं स्टीलच्या पट्टीवर फासायची, वर मॅट्रिक्सचा थेंब, वाळू द्यायचं, लेझर मारायचा. हलकी प्रोटीन्स नळीतून भरकन पोचतात, जड मागून येतात, त्या वेळांवरून एक ठसा तयार होतो आणि तो साठवलेल्या ठशांशी जुळवायचा. पूर्वी आम्ही साखरेच्या नळ्या रंग बदलायची वाट बघत एक-दोन दिवस काढायचो ते काम आता काही मिनिटांत.

आता यात माणूस कुठं आला ते बघ. कॉलनी आधी उगवायला लागते, ती मशीन उगवत नाही. प्लेटवर चार प्रकारच्या कॉलनी आहेत, त्यातली कातडीवरून आलेली कुठली आणि आजार करणारी कुठली, फासायची कुठली, हे तू ठरवणार. चुकीची फासलीस तर मशीन चुकीच्या जंतूचं अगदी बरोबर नाव सांगेल, ९९ टक्के खात्रीनं. ई कोलाय आणि शिगेला हे दोघं इतके जवळचे भाऊ आहेत की नेहमीच्या माल्डीला ते वेगळे ओळखता येत नाहीत, तिथं परत जुन्या नळ्या आणि सीरम काढावं लागतं. कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल हेही ते सहसा सांगत नाही, त्यासाठी गोल चकत्या ठेवून भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायची १९६६ ची कर्बी-बाउअर पद्धत अजून जगभर चालू आहे.

एआयचं म्हणशील तर २०२१ मध्ये एफडीएनं प्रोस्टेट कॅन्सरच्या स्लाइड बघायला मदत करणाऱ्या पहिल्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, ते संशयास्पद जागेवर बोट ठेवतं, निर्णय पॅथॉलॉजिस्टचाच. स्लाइड जाड कापली, नीट रंगली नाही, स्कॅन करताना फोकस गेला, तर ते बोट भलतीकडेच. या सगळ्या गोष्टी कोण करतं? तूच. काही कामं जातील, खोटं कशाला बोलू, दिवसभर नुसत्या पेशी मोजायचं काम आमच्याही हातून गेलंच की. पण एवढं नक्की कर, कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल, का लावतात, त्याचा आकडा हद्दीबाहेर गेला तर आधी काय तपासायचं, हे पाठ न करता समजून घे. लॅबमधल्या बहुतेक चुका मशीनच्या आत शिरायच्या आधीच झालेल्या असतात, चुकीची ट्यूब, चुकीचं लेबल, उशीर, फुटलेल्या पेशी. एकदा आमच्याकडे एका पेशंटचं पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य आलं. नवीन मुलीनं मशीन तीनदा कॅलिब्रेट केलं. आमच्या जुन्या मामांनी नुसतं विचारलं, ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं ओतलं का कुणी? ओतलं होतं. ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं आणि कॅल्शियम खातं, मामांना आकडा बघूनच कळलं. ते मामा मशीनमध्ये कसे घालायचे ते अजून तरी कुणाला जमलेलं नाही.

प्रश्न: सूनबाईची आईच्या रक्तावरून बाळाची तपासणी करणारी नवीन टेस्ट केली, त्यात एका अगदी दुर्मीळ दोषासाठी 'हाय रिस्क' आलंय. टेस्ट ९९ टक्क्यांहून जास्त अचूक आहे म्हणतात. मग आता आशा सोडायची का?

मुळीच नाही. घाईनं काहीही ठरवू नका.

डेनिस लो या शास्त्रज्ञानं १९९७ मध्ये दाखवून दिलं की गरोदर आईच्या रक्तात बाळाकडचे डीएनएचे तुटके तुकडे फिरत असतात. त्याआधी लोक आईच्या रक्तात बाळाच्या अख्ख्या पेशी शोधत होते, त्या फारच क्वचित सापडत. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला रक्तात तरंगणाऱ्या तुकड्यांपैकी साधारण दहा टक्के हे असतात. पण ते येतात वारेमधून, थेट बाळातून नाही, आणि क्वचित वारेत असलेला दोष बाळात नसतो. हा पहिला मुद्दा.

दुसरा हिशोबाचा. समजा दोष दहा हजारांत एका बाळाला असतो आणि टेस्ट निरोगी हजारांत फक्त एकाला चुकून हाय रिस्क म्हणते. दहा हजार आयांची टेस्ट केली तर खरा एक सापडेल आणि खोटे दहा. म्हणजे 'हाय रिस्क' आलेल्या अकरा जणींत खरी एक. टेस्ट ९९.९ टक्के बरोबर असूनसुद्धा! डाऊन सिंड्रोम त्या मानानं जास्त आढळतो, विशेषतः आईचं वय जास्त असेल तर, म्हणून तिथं हाच रिपोर्ट बराच भरवशाचा असतो. दुर्मीळ दोषांसाठी नाही. ही चाळणी आहे, निदान नाही, पक्कं सांगायला गर्भजलाची तपासणी करतात. जेनेटिक काउन्सेलरकडे जा, आणि सूनबाईला इंटरनेटवर शोधत बसू देऊ नका.

प्रश्न: असंच रक्तातल्या डीएनएवरून कॅन्सर आधीच कळतो म्हणे, करून घेऊ का? वय ४५, तक्रार काही नाही.

ज्यांना कॅन्सर आहे त्यांच्यासाठी ही लिक्विड बायोप्सी खरोखर उपयोगी आहे, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये कुठलं औषध चालेल हे रक्तावरून बघायच्या टेस्टला २०१६ मध्येच एफडीएची मान्यता मिळाली. निरोगी माणसात लवकर शोधायचं म्हटलं तर गाठ लहान असताना रक्तात तुकडे इतके कमी येतात की नेमकी तीच हुकते. वरचं थेंबाचं आणि दहा हजारांचं गणित इथं दोन्ही एकदम लागू. तुमच्या वयाला ज्या नेहमीच्या तपासण्या सांगतात त्या झाल्यात का? आधी त्या करा.

प्रश्न: एचबीए१सी ५.४ पण कातडीवर लावलेला साखरेचा सेन्सर रोज जेवणानंतर २०० च्या वर दाखवतो. कोण खोटं बोलतंय?

तुमचं हिमोग्लोबिन किती आहे, ते तुम्ही लिहिलंच नाहीत! एचबीए१सी म्हणजे लाल पेशीला लागलेल्या साखरेचा थर, पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून दोन-तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. पेशी लवकर मरत असतील, रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, तर पेशी कोवळ्या, थर पातळ, आकडा खोटा कमी. लोह कमी असेल तर बऱ्याचदा उलट, खोटा जास्त. थॅलसेमिया, सिकल सेलसारख्या गोष्टींनीही गडबड होते. सेन्सर कातडीखालच्या पाण्यात मोजतो, रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो, पण रोज २०० च्या वर म्हणजे ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. शिरेतलं रक्त देऊन साखर तपासा आणि सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही करा.

प्रश्न: रक्त द्यायला उपाशीपोटी जाताना पाणी प्यायलं तर चालतं का?

चालतं, प्याच, शीर सापडायला बरं पडतं. फक्त रक्त घेताना मूठ सारखी उघडझाप करत बसू नका, पोटॅशियम उगाच वाढून येतं, आणि मग पुढच्या अंकासाठी तुमचं परत मला पत्र.